गोल्फला डोंगर नको, माळ हवा

"येरवडा म्हणजे निवृत्तांची बाग. खरा कोर्स बावधनचा. आणि उद्या आपल्याकडं कोर्स झालाच, तर तो पन्हाळ्याच्या बाजूला डोंगरावर झाला पाहिजे. गाडीतनं फिरायचं, गाडीतनं खेळायचं."

शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या केबिनमध्ये चहा घेताना हे ऐकलं. बोलणारे वयानं आणि मानानं मोठे, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो. तिथं मी उलट बोललो नाही. पण ते बोलणं डोक्यातून जाईना, कारण हे एकट्या आण्णांचं मत नाही. गेल्या काही वर्षांत आमच्याकडचे जे उद्योजक, डॉक्टर, कंत्राटदार गोल्फ खेळायला लागले, त्यांतले बहुतेक जण असंच बोलतात. कोर्स जितका उंचसखल तितका तो मोठा, आणि चालत खेळणं हा जुन्या लोकांचा हट्ट, असं त्यांच्या मनानं घेतलंय. हे मत चुकीचं आहे. उद्या कोल्हापुरात कुणी या मतावर पैसा आणि जमीन लावली तर दोन्ही वाया जातील, म्हणून हा प्रतिवाद लिहितो आहे.

आधी दोन्ही कोर्सबद्दल. कोल्हापुरातून पुण्याला खेळायला जायचं म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्या वरचा प्रवास. पहाटे तीनला निघायचं, कराड-सातारा मागं टाकायचं, खंबाटकी पार करायचा आणि कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून चांदणी चौक गाठायचा. तिथून बावधन हाकेच्या अंतरावर. त्या टेकड्यांवर ऑक्सफर्डचा कोर्स आहे. येरवड्याला जायचं तर अख्खं पुणं ओलांडून विमानतळाच्या अंगाला जावं लागतं, तिथं पूना क्लबचा कोर्स. आमच्या लोकांना बावधन जवळचं वाटतं त्याला हा रस्ताही थोडा कारणीभूत आहे.

बावधनचं सौंदर्य मी नाकारत नाही. उंच टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहावं, समोर जमीन एकदम खाली गेलेली असावी, लांबवर डोंगरांची रांग दिसावी आणि मारलेला बॉल खाली यायला वेळ लावत लावत हिरवळीवर उतरावा, हा आनंद येरवड्यात मिळत नाही. आराखडा करणाऱ्याच्या हातात टेकड्या होत्या आणि त्यानं त्या टेकड्यांचा उपयोग केला. तिथं गाडी घेऊन खेळायची रीत आहे आणि त्या चढ-उतारावर ती योग्यच आहे. तेव्हा माझा वाद त्या कोर्सशी नाही. त्यावरून आण्णांनी जो नियम काढला, की डोंगर असेल तरच गोल्फ, त्याच्याशी आहे.

हा खेळ चालण्यातून जन्मला. १७४४ साली एडिंबरोजवळच्या लीथमध्ये गोल्फचे पहिले लेखी नियम झाले. एकूण तेरा नियम, आणि त्यांतला पहिलाच असा की, नवा होल सुरू करताना बॉल आधीच्या होलपासून एका काठीच्या अंतरात ठेवायचा. म्हणजे एक होल संपला की तिथंच वळायचं आणि पुढचा सुरू करायचा. मधे रिकामं चालणं नाहीच. पुढं ग्रीनची, म्हणजे होलभोवतालची, हिरवळ खराब होऊ नये म्हणून टी बाजूला नेल्या, तरी जवळ ठेवल्या. ऑगस्टा नॅशनलचा आराखडा करणाऱ्यांपैकी एक, डॉक्टर ॲलिस्टर मॅकेन्झी, यांनी १९२० मध्ये आराखड्याची तेरा सूत्रं मांडली. त्यांत एक सूत्र हेच, की ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंत चालणं अगदी कमी असावं, आणि जे असेल ते शक्यतो पुढच्या दिशेनं असावं.

याचं कारण जो अठरा होल चालत खेळला आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. ग्रीनवर बॉल पडला, झेंडा परत लावला, आठ-दहा पावलं टाकली की पुढची टी. मागच्या होलवरचा राग तेवढ्यात निवतो, अंग थंड होत नाही आणि डोळ्यांसमोर पुढचा होल उघडतो. येरवड्याचा कोर्स असा एकाला एक लागून आहे. डोंगराळ जागेवर मात्र ग्रीनपुरती सपाटी एकीकडं सापडते, टीपुरती दुसरीकडं, आणि मधे उतार, वळण, पुन्हा चढ. तेवढं अंतर गाडीच्या रस्त्यानंच जोडावं लागतं. मग अठरा होलांची अठरा सुटी चित्रं होतात. प्रत्येक चित्र देखणं असेल, पण त्यांची मिळून एक वाट होत नाही.

आण्णांचा दुसरा मुद्दा, येरवडा सोपा आहे. सपाट दिसतं म्हणून सोपं, हा नजरेचा धोका आहे. येरवड्याची जुनी झाडं फेअरवेच्या दोन्ही अंगांना उभी आहेत. ड्राइव्ह पंधरा यार्ड उजवीकडं गेला तरी बॉल हरवत नाही, पण ग्रीनची वाट बंद होते. मग फांद्यांखालून बुटका फटका काढायचा की बाजूला मारून एक फटका सोडून द्यायचा, हे तिथं उभं राहून ठरवावं लागतं. दरीत बॉल गेला तर काहीच ठरवावं लागत नाही, नवा बॉल काढायचा. माझ्या मते पहिली शिक्षा जास्त कठीण आणि जास्त न्यायाची आहे, कारण तीत चूक सुधारायची संधीही आहे आणि त्या संधीचा मोहही आहे.

सपाट कोर्सला कमी लेखणाऱ्यांनी सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स आठवावा. अठरा होल ही संख्याच तिथून आली, १७६४ मध्ये बावीसचे अठरा केले तेव्हापासून. समुद्राकाठची वाळवट जमीन, डोंगर नावालाही नाही. होल इतके लगटून आहेत की सात ग्रीन जोडग्रीन आहेत, म्हणजे जाणारे आणि येणारे एकाच हिरवळीवर दोन वेगळ्या होलांत बॉल घालतात. लहान-मोठे ११२ बंकर आहेत आणि त्यांतले कित्येक टीवरून दिसतच नाहीत. बॉबी जोन्ससारखा खेळाडू १९२१ च्या ओपन स्पर्धेत तिथल्या अकराव्या होलवर बंकरमध्ये असा अडकला की त्यानं खेळ अर्धवट सोडला. पुढं त्याच कोर्सवर त्याचा जीव जडला, १९२७ ची ओपन त्यानं तिथंच जिंकली. जमीन पायाखालून जाईपर्यंत चालल्याशिवाय असा कोर्स समजत नाही, आणि एकदा समजला की माणूस त्याला सोडत नाही.

याच जोन्सनं मॅकेन्झींना हाताशी धरून अमेरिकेत ऑगस्टा उभा केला. तिथं १९३४ पासून मास्टर्स स्पर्धा होते. टीव्हीवर पाहताना लक्षात येत नाही, पण ऑगस्टा चांगलाच चढ-उताराचा आहे. दहाव्या होलची टी आणि ग्रीन यांच्या उंचीत साधारण शंभर फुटांचा फरक आहे. तरीही जगातले पहिल्या फळीतले खेळाडू चार दिवस तिथं कॅडीबरोबर चालत खेळतात. "टेकडीवर दुसरं करणार तरी काय?" असं आण्णा म्हणतात, त्याला ऑगस्टा हे उत्तर आहे. चढ असला म्हणून चालणं संपत नाही. होलांची गुंफण सैल झाली की संपतं. ती घट्ट ठेवता येईल इतका सौम्य उतार मिळाला तर टेकडीही चालेल. पन्हाळ्याच्या अंगाला जी जमीन आण्णांच्या मनात आहे ती तशी नाही. तिथं एकेका ग्रीनसाठी डोंगर कापावा लागेल आणि आपल्या पावसात कापलेला डोंगर खाली येतो.

आता चालण्यानं खेळाला काय मिळतं ते थोडं जवळून सांगतो, कारण वादात हेच कायम हरवतं.

बॉलपासून दीडशे यार्डांवर असताना तुम्ही चालत निघता. पहिल्या पन्नास पावलांत तळव्यांना कळतं की जमीन डावीकडं किंचित उतरते आहे. डोळ्यांना ते दिसलेलं नसतं. गवत बुटाला ओलसर लागलं तर बॉल टप्पा घेऊन फार पुढं जाणार नाही, हे कळतं. वारा चेहऱ्यावर कुठल्या बाजूनं लागतो आणि झाडाच्या शेंड्याला कुठल्या बाजूनं, हे वेगळं असू शकतं, आणि चालताना दोन्ही पाहायला वेळ मिळतो. बॉलजवळ पोचेपर्यंत सेव्हन आयर्न की एट, हा निर्णय अर्धा झालेला असतो. कॅडीनं पिशवी खाली ठेवली, तुम्ही हात पुढं केला, त्यानं काठी दिली, आणि ती तुमच्या मनातलीच होती. तो क्षण हा गोल्फचा गाभा आहे. गाडीतून उतरणाऱ्याला हे सगळं वीस सेकंदांत उरकावं लागतं.

शिवाय गाडीनं वेळ वाचतो, हेही पूर्ण खरं नाही. एका डोंगराळ कोर्सवर, नाव घेत नाही, पावसाळा नुकताच सरला होता. जमीन ओली म्हणून गाड्या फक्त सिमेंटच्या पट्ट्यावर न्यायच्या, असा त्या दिवशीचा नियम. माझा बॉल फेअरवेच्या पार पलीकडं, जोडीदाराचा अलीकडं. तीन काठ्या अंदाजानं उचलल्या आणि ऐंशी पावलं तिरपा चालत गेलो. तिथं पाहतो तर बॉल गवतात खोल बसलेला, हवी होती चौथीच काठी. परत गाडीपाशी, परत बॉलपाशी. पुढच्या ग्रीनवर तेच, पटर गाडीतच राहिला. त्या दिवशी मी चाललो भरपूर, पण बॉलच्या मागं कमी आणि गाडीच्या मागं जास्त. आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर जमीन ओलीच असते. गाडीवर अवलंबून असलेला कोर्स कोल्हापूरच्या पावसात चार महिने असाच अर्धा लंगडा चालणार.

उन्हाचं काय, असं विचारतात. कोल्हापूरचा उन्हाळा नागपूर-जळगावचा नाही. सकाळी सहाला पहिला फटका मारला तर दहाच्या आत अठरा होल चालून होतात. रंकाळ्याला रोज पहाटे जी माणसं फेऱ्या घालतात, त्यांतले निम्मे साठीच्या पुढचे असतील. पन्हाळ्याहून पावनखिंडीची वाट आषाढाच्या पावसात चालणारं हे गाव. इथल्या माणसाला चालणं झेपणार नाही, असं इथल्याच माणसानं म्हणावं याचं मला वाईट वाटतं.

आण्णांचा सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र वेगळा होता आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. ते म्हणाले, "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तुमच्या चालायच्या कोर्सवर मी खेळायचं नाही काय?" खेळायचं, आण्णा, जरूर खेळायचं. अमेरिकेत केसी मार्टिन नावाचा खेळाडू होता, त्याच्या उजव्या पायात जन्मापासूनचा रक्ताभिसरणाचा विकार. व्यावसायिक स्पर्धेत त्यानं गाडी मागितली, संयोजकांनी नाकारली. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला. मला तो निकाल मनापासून पटतो. पण त्यात एका माणसाचा हक्क ठरला, कोर्स कसा आखावा हे ठरलं नाही. चालता येईल अशा कोर्सवर ज्याला गरज आहे त्याला गाडी देता येते. गाडीसाठीच आखलेल्या कोर्सवर ज्याला चालायचं आहे त्याला काहीच देता येत नाही. गुडघा दुखणाऱ्यालाही पहिलाच कोर्स जास्त सोयीचा, कारण गाडीतून उतरून ग्रीनपर्यंतची त्याची पावलं तिथं कमी आणि सपाट असतात.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती कॅडींची. चालण्याच्या कोर्सवर कॅडी लागतो. जवळच्या वस्तीतली पोरं तिथं कामाला येतात, पिशव्या उचलतात, दिवसभर चांगला-वाईट खेळ पाहतात आणि संध्याकाळी कुणीतरी दिलेल्या जुन्या काठीनं मोकळ्या कोपऱ्यात फटके मारतात. भारतातला गोल्फ या पोरांनी मोठा केला. दिल्लीच्या कोर्सवर कॅडी असलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला. ती स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबात हिरवळ राखणाऱ्या माणसाचा मुलगा, एस. एस. पी. चौरसिया, २०१६ आणि २०१७ असा लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकला. गाडीला असा पोरगा लागत नाही, बॅटरी लागते. कोल्हापूरला हे मी वेगळं सांगायला नको. आपल्याकडं कुस्ती वाड्यातून खाली आली नाही. ती तालमीतल्या गरीब पोरानं वर नेली आणि राजानं त्याला खुराक दिला. फुटबॉलही पेठांतल्या मंडळांनी जगवला. या गावात गोल्फ रुजायचा असेल तर तो त्याच वाटेनं रुजेल, पिशवी उचलणाऱ्या पोराच्या वाटेनं.

शाहू महाराजांनी १९०२ च्या विलायत दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं आणि पुढं खासबागेत कुस्तीचं मैदान बांधलं, ते १९१२ मध्ये पुरं झालं. त्या मैदानाची थोरवी ते किती भव्य दिसतं यात नाही. शेवटच्या रांगेत मातीवर बसलेल्या हमालालाही आखाड्यातली पकड दिसते, यात आहे. आराखडा कुणासाठी, हे आधी ठरलं आणि दगड नंतर लागला. मैदान आखण्याची ही रीत आपल्याच गावात शंभर वर्षांहून जास्त काळ उभी आहे.

आणि चालता येणारी जागा शेवटी गावाची होते. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स एरवी रविवारी खेळासाठी बंद असतो, त्या दिवशी गावातली माणसं पोराबाळांना, कुत्र्यांना घेऊन त्या हिरवळीवर हिंडतात. पहिल्या आणि अठराव्या फेअरवेवरून एक सार्वजनिक रस्ता आडवा जातो, त्यावरून कुणीही जावं. आपल्याकडं नाशिकला पाहा. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला अजून लोक गोल्फ क्लब मैदान म्हणतात. गोल्फ केव्हाच गेला. तिथं रणजीचे सामने होतात आणि कडेच्या ट्रॅकवर पहाटेपासून नाशिककर चालतात. खेळ बदलला तरी जागा निकामी झाली नाही, कारण ती मुळात पायानं फिरण्यासारखी होती. डोंगर कापून केलेला कोर्स उद्या बंद पडला तर मागं काय उरेल, याचाही विचार आजच करावा.

आपल्याकडं अशी जमीन नाही, असं कुणी म्हणू नये. स्कॉटलंडमधली लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेत यांच्या मधली, पीक न देणारी, मेंढ्या चरणारी उंचसखल पट्टी. आपल्या भाषेत तिला जवळचा शब्द माळ. जिल्ह्याच्या पूर्वेला गेलं की असे माळ आहेत, धनगरांच्या मेंढ्या आजही त्यांवर चरतात. हलका उतार, कुठं खडकाचा उंचवटा, कुठं ओघळीनं पाडलेली घळ. होल आखायला याहून जास्त काय लागतं? पाणी मात्र लागेल आणि ते ऊसकऱ्याच्या किंवा मेंढपाळाच्या तोंडचं काढून नेता येणार नाही. शहराचं सांडपाणी शुद्ध करून तेवढंच वापरायचं, हिरवळ फक्त टी, ग्रीन आणि फेअरवेवर ठेवायची आणि बाकीचा माळ माळच राहू द्यायचा. चराईची वाटही मोकळी राहिली पाहिजे. हे जमणार नसेल तर कोर्स होऊच नये, असं माझं मत आहे.

आण्णा, तुम्ही मनावर घेतलं तर हे होईल, हे मला माहीत आहे. म्हणून एकच विनंती. आराखडेवाला नकाशा घेऊन येईल तेव्हा त्याला केबिनमध्ये बसवू नका, माळावर न्या. पहिल्या ग्रीनच्या खुंटीपासून दुसऱ्या टीच्या खुंटीपर्यंत त्याला चालायला सांगा आणि पावलं मोजा. सतराही ठिकाणी मोजा. शंभराच्या वर गेली तर तिथंच त्याला नकाशा परत द्या. तुमच्या गुडघ्याला त्रास नको, पावलं मोजायला मी येतो.